फवारणीची वही आणि तांबडा शेरा

तीसेक वर्षं मी सरकारी पगार घेऊन दुसऱ्यांच्या वह्या वाचल्या. मास्तर नव्हतो. कृषी खात्यात होतो, आणि नोकरीचा उत्तरार्ध जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षबागांच्या फवारणीच्या वह्या तपासण्यात गेला. घर घोडेगावला. सकाळी मोटारसायकलला किक मारायची, जुन्नर गाठायचं, आणि तिथून ज्या गावची पाळी असेल त्या गावच्या बांधावर जाऊन बसायचं. खिशात दोन पेनं असायची, निळं सहीसाठी आणि तांबडं शेऱ्यासाठी. शेतकरी माझ्यामागे मला ‘तांबडी शाई’ म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. राग येण्याऐवजी जरा बरंच वाटलं. तेवढा माज तेव्हा अंगात होता.

निर्यातीची द्राक्षं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या पेट्या, शीतगृहं आणि बंदरावरची जहाजं येतात. त्या सगळ्याच्या मुळाशी एक दोनशे पानी वही असते हे सहसा कोणाला माहीत नसतं. ती वही कुठून आली ते आधी सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल.

नव्वदच्या दशकात जगाच्या व्यापाराचा मोठा करार झाला तेव्हा आमच्याकडे पारापारावर त्याचीच चर्चा चालायची. कोणी म्हणे, आता बियाणंसुद्धा परदेशी घ्यावं लागणार. कोणी म्हणे, आता आपली द्राक्षं थेट विलायतेला जाणार. दोघांचंही थोडंथोडं खरं निघालं. पण त्या करारात एक साधं कलम होतं, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. आपल्या माणसांच्या, जनावरांच्या, झाडाझुडपांच्या जिवाला अपाय होऊ नये म्हणून कोणताही देश बाहेरून येणाऱ्या मालाला अटी घालू शकतो, फक्त त्या अटीला शास्त्राचा आधार हवा, असं ते कलम होतं. जकात उतरली आणि तिच्या जागी प्रयोगशाळा येऊन बसली, असं मी बैठकांमधून सांगायचो.

सुरुवातीची काही वर्षं आम्हाला त्याची झळ लागली नाही. मणी मोठा आहे, गोडी आहे, घड सुटसुटीत आहे, एवढं पाहून माल जायचा. मग एका हंगामात तिकडच्या बंदरावर आपल्या देशाच्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अवशेष सापडले आणि भरलेले कंटेनर तिकडेच अडकले. इकडे बागा तोडणीला आलेल्या. त्या दिवसांत मी जिथे जाईन तिथे लोक मलाच विचारायचे, जणू काही तो कंटेनर मीच अडवलाय.

पुढच्या हंगामाला दिल्लीहून नियम आले. ज्याला युरोपात माल पाठवायचा त्याने आपली बाग नोंदवायची. कोणती औषधं मारायची, कोणती मारायची नाहीत, आणि मारल्यावर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं याची यादी पाळायची. प्रत्येक फवारणी वहीत लिहायची. आमच्यासारख्याने येऊन ती वही तपासायची. तोडणीच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत फिरून घडांचा नमुना घेणार, सील करणार, पुण्याला नेणार. रिपोर्ट चांगला आला तरच माल पेटीत भरायचा.

अवशेष म्हणजे किती? मी बैठकीत सांगायचो, दहा किलो द्राक्षं घ्या आणि त्यात मिठाचे एक-दोन कण टाका. तेवढं औषध सापडलं तरी काही औषधांच्या बाबतीत माल नापास. लोक हसायचे. एक म्हातारबुवा म्हणाले होते, “म्हंजी गोऱ्यांना आपला माल घ्यायचाच नाय, तेवढं बोला की सरळ.” खरं सांगायचं तर तेव्हा मलाही आतून तसंच वाटायचं. झाडांच्या आणि माणसांच्या नावाखाली मागच्या दाराने लावलेली ही बंदी आहे, असं मी चहाच्या टपरीवर अनेकदा बोललोय. पगार नियम पाळायला लावण्याचा, आणि तोंडाने नियमाला शिव्या, असा माझा कारभार होता.

पण वह्या तपासण्यात मात्र कसूर केली नाही. त्यातला एक नियम तर मी इतक्यांदा सांगितला की लोक माझी नक्कल करून दाखवायचे. वहीत चूक झाली तर खोडून काळं करायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही, पान फाडायचं नाही. एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही आणि तारीख.

खोटी वही ओळखायला फार अक्कल लागत नाही. खरी वही बागेत पंपाजवळ राहते. तिला औषधाचे डाग असतात, पानं फुगलेली असतात, कधी निळं पेन कधी पेन्सिल असते, आणि नाकाशी नेली तर वास येतो. खोटी वही कोरी करकरीत असते, एका बैठकीत एका पेनाने लिहिलेली. एकाने तीस फेब्रुवारीला फवारणी केली होती. दुसऱ्या एका पुढारी बागाईतदाराने माघातल्या गणेशजयंतीला भर दुपारी आपण बागेत औषध मारल्याचं लिहिलं होतं. त्या दुपारी ते लेण्याद्रीला महाप्रसादाच्या पंगतीत वाढत होते, आणि मला दोनदा आग्रह करून बुंदी त्यांनीच वाढली होती. मी शेऱ्यात फक्त एवढंच लिहिलं, ‘बुंदी चांगली होती.’ ते वाचून त्यांनी निमूट सगळी वही पुन्हा लिहायला घेतली. ही अशी माणसं रोज भेटायची म्हणून प्रत्येक वही उघडताना माझा समज पक्का असायचा, की इथे काहीतरी लपवलेलं आहे आणि ते मी शोधून काढणार.

सुमनताईंची वही त्या समजुतीत बसत नव्हती. डिंगोऱ्याला त्यांची दीड एकर थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग. नवरा भोसरीला कंपनीत, रविवारी यायचा. बाग सगळी बाईंच्या अंगावर. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. त्यांनी नियम यायच्या आधीपासून शाळेच्या रेघी वहीत बागेचं सगळं लिहून ठेवलेलं होतं. मी पहिल्यांदा ती वही पाहिली तेव्हा मला हसूच आलं. मधे औषधाचं नाव, मात्रा, तारीख, हे तर होतंच. पण बाजूच्या समासात बारीक अक्षरात जगभराचं. ‘आज ढग आले, मारायचं थांबवलं.’ ‘मधमाश्या फुलोऱ्यावर, सकाळी मारलं नाही, ऊन उतरल्यावर मारलं.’ ‘आज बाया आत घेतल्या नाहीत, पानं ओली.’ या बाया म्हणजे विरळणीला येणाऱ्या, घोडेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या. भात निघाला की त्या टोळीने इकडे उतरायच्या, घडातले जादा मणी कात्रीने काढायच्या. ओल्या फवारणीत बाईमाणसाला बागेत घालू नये हा नियम दिल्लीहून यायच्या आधी सुमनताईंच्या समासात होता.

एकदा परदेशी खरेदीदाराकडून एक उंच, सडपातळ बाई बागा पाहायला आल्या होत्या. सोबत निर्यातदाराचा माणूस आणि मी. द्राक्षं कशी आहेत ते त्यांनी विचारलंच नाही. औषधाच्या रिकाम्या बाटल्या कुठे टाकता, एवढाच त्यांचा पहिला प्रश्न. शेजारच्या गावात एका बागाईतदाराने मोठ्या ऐटीत ओढ्याकडे बोट दाखवलं होतं. ओढ्यात बाटल्यांचा खच पडला होता, आणि आमची मान खाली गेली. सुमनताईंकडे विचारल्यावर त्या आम्हाला बांधाच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. तिथे पत्र्याने झाकलेला खड्डा होता आणि आत बुडं फोडलेल्या बाटल्या होत्या. बुडं का फोडली विचारलं तर म्हणाल्या, “नायतर लोक उचलून नेत्यात अन् तेल ठिवत्यात.” त्या पाहुण्या बाईंनी हे माझ्याकडून दोनदा समजावून घेतलं आणि स्वतःच्या टिपणवहीत लिहून घेतलं. मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, तो लपवत नाही.

आणि तरीही मी तिथे माझी साहेबी दाखवलीच. खात्याने छापील वही काढली होती. रकाने ठरलेले, तारीख, औषध, मात्रा, कारण, थांबायचे दिवस. समास नावालाच. मी सुमनताईंना सांगितलं की ही शाळेची वही चालणार नाही, सगळं छापील वहीत उतरवून काढा, आणि तो समासातला फालतू मजकूर त्यात घेऊ नका, तपासणाऱ्याचा वेळ जातो. त्या म्हणाल्या, “फालतू नाय साहेब, त्ये मला लागतं.” मी म्हटलं, तुम्हाला लागतं, सरकारला लागत नाही. त्यांनी ऐकलं. छापील वही स्वच्छ, रकान्याबाहेर एक अक्षर नाही अशी झाली. मी ती इतर गावांत नमुना म्हणून दाखवली.

त्याच हंगामात त्यांच्या बागेचा नमुना नापास झाला.

रिपोर्ट माझ्या हातात आला तेव्हा मी दोनदा वाचला. जे औषध सापडलं होतं ते द्राक्षावर मारायचंच नव्हतं. यादीत नाही, वहीत नाही. आमच्याकडे ते टोमॅटोवर अळीसाठी मारायचे. मिठाच्या कणापेक्षा थोडं जास्त, पण सापडलं ते सापडलं. इतर सगळ्या औषधांच्या पुढे सगळं ठीक होतं. आता याचा अर्थ काय लावायचा? माझ्या मते एकच अर्थ होता. बागेत कीड दिसली, बाई घाबरल्या, दुकानदाराने हातात दिलं ते मारलं, आणि वहीत लिहिलं नाही. एवढी सुंदर वही आणि तीही खोटी, या विचाराने मला चीड आली. माझी फसवणूक झाली होती, निदान मला तसं वाटलं. ती वही मी गावोगाव दाखवत फिरलो होतो.

डिंगोऱ्याला गेलो तेव्हा सुमनताई बागेतच होत्या. माल तोडणीला आलेला, मणी काचेसारखे झालेले. मी वेलींच्या मंडपाखालीच उभ्या उभ्या रिपोर्ट सांगितला. त्यांनी औषधाचं नाव मला पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं. म्हणाल्या, हे आपण मारलेलं नाही. मी म्हटलं, प्रयोगशाळेचं यंत्र खोटं बोलत नाही.

“यंत्र खोटं बोलत नसंल,” त्या म्हणाल्या. “पन मी बी बोलत नाय. वहीत लिव्हलंय त्ये मारलंय, अन् नाय लिव्हलं त्ये नाय मारलं.”

मी वही मागितली. त्यांनी आतून आणून दिली. मी तांबडं पेन काढलं आणि त्या स्वच्छ पानावर, शेवटच्या फवारणीच्या खाली, लिहिलं, ‘नोंदी विश्वासार्ह नाहीत. वस्तुस्थिती लपवली आहे.’ खाली सही केली. त्या शेजारी उभ्या राहून वाचत होत्या. मला वाटलं रडतील किंवा भांडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. वही मिटून छातीशी धरली एवढंच.

मग मला थोडं वाईट वाटलं. समजुतीच्या सुरात मी म्हटलं, ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका, युरोपला नाही तर आपल्या बाजारात जाईल माल, इथे कोण तपासतंय. हे मी चांगल्या मनाने बोललो होतो. तेव्हा सुमनताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

“तितल्या पोरांना चालत नाय,” त्या म्हणाल्या, “अन् हितल्या पोरांना चालतं व्हय?”

मी मोटारसायकल काढली आणि निघालो. इतकी वर्षं मी टपरीवर बसून ज्या नियमाला गोऱ्यांचं नाटक म्हणत होतो, त्याचा खरा अर्थ एका वाक्यात माझ्या तोंडावर आला होता, आणि तोसुद्धा ज्या बाईला मी नुकतंच खोटं ठरवलं होतं तिच्याकडून. आपण आपल्या माणसांसाठी अशी वही का मागत नाही, हा प्रश्न तोवर मला सुचलाच नव्हता. पण शेरा मात्र मी बदलला नाही. यंत्राने दाखवलं होतं ना!

तिसऱ्या दिवशी सुमनताई एसटीने जुन्नरला आल्या आणि थेट कार्यालयात माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. हातात जुनी शाळेची वही. म्हणजे मी सांगितलं म्हणून त्यांनी छापील वही भरली होती, पण स्वतःची वहीही बंद केलेली नव्हती. त्यांनी पान उघडून टेबलावर ठेवलं आणि समासावर बोट ठेवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पंप नानांच्या टोमॅटोवरून आला. ड्रम धुतलेला. पहिल्या ओळीपासून सुरू.’

इथे पंपाचं सांगायला हवं. आमच्याकडे सावडीची पद्धत जुनी. तू माझ्या पेरणीला ये, मी तुझ्या काढणीला येतो. बैलांची सावड, माणसांची सावड. पुढे यंत्रं आली तशी यंत्रांचीही सावड झाली. तीन घरांनी मिळून फवारणीचा एक इंजिनाचा पंप घ्यायचा, दोनशे लिटरचा ड्रम आणि लांबलचक रबरी नळी घ्यायची, आणि पाळीपाळीने वापरायचं. सुमनताईंचा पंप त्यांचे दीर नाना आणि भावकीतलं आणखी एक घर यांच्या सावडीत होता. सावडीचा नियम कडक. पंप पुढच्या घरी द्यायचा तर धुऊनच द्यायचा. नाना त्या बाबतीत फार काटेकोर, ड्रम राखेने घासून द्यायचे. त्यांच्या टोमॅटोवर अळीचं औषध मारलं गेलं, दुसऱ्या दिवशी पंप सुमनताईंच्या बागेत आला. ड्रम चकचकीत होता. हे सगळं समासात होतं. छापील वहीत नव्हतं, कारण मीच ते काढायला लावलं होतं.

“ड्रम धुतलाय म्हणताय ना,” मी म्हटलं. “मग?”

“त्येच मला कळंना,” सुमनताई म्हणाल्या. “म्हून तर आले. पन पंप टोमॅटोवरनं आला ह्ये खरं हाय. नानांची चूक नाय हां ह्यात, त्येंनी धुवून दिलाय. त्येंचं नाव कागदावर नगा घेऊ.”

स्वतःच्या बागेवर शेरा बसलेला, माल वेलीवर लोंबतोय, आणि बाईंना काळजी दिरावर बालंट येऊ नये याची. मी त्यांच्याबरोबरच निघालो. त्या मोटारसायकलवर मागे बसायला तयार होईनात. त्या एसटीने आल्या, मी पुढे जाऊन थांबलो.

नाना अंगणातच होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी ड्रम आडवा करून आतून दाखवला. खरोखरच स्वच्छ होता. ते जरा घुश्शातच होते, म्हणाले, सावडीचा पंप आहे साहेब, घाण कसा देईन? मी पंपाभोवती फिरलो, फिल्टर पाहिला. मग माझं लक्ष त्या रबरी नळीकडे गेलं. शंभर मीटरची नळी, वेटोळं घालून जांभळाच्या फांदीला टांगलेली. मी नानांना विचारलं, ही धुता का? नाना म्हणाले, “नळी? नळी कशाला धुयाची? तिच्यात काय ऱ्हातंय?”

मी म्हटलं, बघू काय राहतं ते. नळीत पाणी भरलं, पंप बंद केला, आणि दुसरं टोक उंच धरून ती नळी हळूहळू बादलीत रिकामी केली. पाणी येतच राहिलं. बादली निम्मी झाली. आम्ही तिघेही बादलीकडे बघत उभे राहिलो. टोमॅटोवरून आलेल्या नळीत एवढं औषधाचं पाणी भरलेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ड्रममध्ये द्राक्षाचं औषध घालून पंप चालू केल्यावर सगळ्यात आधी तेच बाहेर पडलं. पहिल्या एक-दोन ओळींवर. समासात लिहिलेलं होतंच, पहिल्या ओळीपासून सुरू.

यंत्र खरं बोललं होतं. सुमनताई खरं बोलल्या होत्या. नाना खरं बोलले होते, त्यांनी ड्रम धुतला होता. आमच्या तालुक्यात शेकडो घरं ड्रम धुऊन पंप देत होती आणि नळीचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. माझ्या तर नाहीच नाही, आणि मी त्याचाच पगार घेत होतो. त्या अंगणात एकच माणूस असा होता की ज्याने खातरजमा न करता काहीतरी लिहून ठेवलं होतं. नाना त्या बादलीकडे बघून खाली बसले. सुमनताईंनी त्यांना पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, भाऊजी, तुमी धुतला व्हता, त्ये मी लिव्हलंय.

पहिल्या दोन ओळींचं काय करायचं हे मी सांगायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या ओळींवर एक घड नव्हता. सुमनताईंनी डोंगरातल्या बायांना घेऊन सगळे घड कापले होते आणि बाटल्यांच्या खड्ड्याशेजारी नवीन खड्डा काढून पुरले होते. एका बाईने मला सांगितलं की व्यापाऱ्याचा टेंपो बांधापर्यंत आला होता, तो म्हणाला मी नेतो, मला चालतं. सुमनताईंनी त्याला परत पाठवलं.

बाकीच्या बागेचा नमुना पुन्हा घ्यायला नियमात वाट होती. पण त्यासाठी तपासणाऱ्या अधिकाऱ्याची शिफारस लागायची, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा म्हणजे माझाच शेरा आड येत होता. वरिष्ठ म्हणाले, तुम्हीच खोटं ठरवलं आणि आता तुम्हीच खरं म्हणताय, हे कसं? मी लिहून दिलं की पहिला शेरा पूर्ण चौकशी न करता मारला होता आणि चूक माझी आहे. नानांचं नाव घातलं नाही, ‘सामाईक पंपाची नळी’ एवढंच घातलं. नोकरीत अशा मजकुरावर मी त्याआधी कधी सही केलेली नव्हती. ती करायला पाच मिनिटं लागली, पण कागद इकडून तिकडे फिरायला दहा-बारा दिवस गेले.

नमुना पुन्हा गेला. रिपोर्ट आला, स्वच्छ. पण तोवर निर्यातदाराचा त्या हंगामातला शेवटचा कंटेनर निघून गेला होता. सुमनताईंचा माल नारायणगावच्या व्यापाऱ्याने नेला, सगळ्यांचा जातो त्याच भावाने. त्यांनी माझ्याकडून रिपोर्टच्या झेरॉक्स मागून घेतल्या आणि प्रत्येक क्रेटमध्ये एकेक ठेवली. व्यापारी हसला. म्हणाला, बाई, हा कागद इथे कोणी वाचत नाही. सुमनताई म्हणाल्या, नाय वाचंना, मी ठिवते.

पुढच्या वर्षीपासून मी तालुक्यातल्या प्रत्येक छापील वहीत पट्टी ठेवून हाताने एक जादा रकाना आखायला लागलो. ‘पंप कोठून आला, नळी धुतली का.’ वरिष्ठांनी विचारलं हे कोणाच्या आदेशाने, मी म्हटलं डिंगोऱ्याच्या. सावडीच्या नियमात नळीही आली. आता कुठल्याही गावात पंप पुढच्या घरी देताना आधी नळी मोकळी करून दाखवतात, आणि ही पद्धत कोणी काढली ते कोणालाच ठाऊक नसतं. सुमनताईंची बाग पुढे दरवर्षी पास होत गेली, माल जात राहिला.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्या रिपोर्टच्या दिवसाबद्दल. मी तो कागद घेऊन स्वतः डिंगोऱ्याला गेलो. मनातून वाटत होतं की बाईंना आनंद होईल, आणि खरं सांगतो, माझंही थोडं कौतुक होईल. ओसरीवर नाना होते, रविवार असल्याने सुमनताईंचा नवरा होता, डोंगरातल्या दोघी बायाही चहा पीत बसल्या होत्या. सुमनताईंनी रिपोर्ट हातात घेतला, वाचला, घडी घातली. मग आत गेल्या आणि छापील वही घेऊन आल्या. त्यांनी ते पान उघडलं. माझा तांबडा शेरा तिथे होता, ‘नोंदी विश्वासार्ह नाहीत. वस्तुस्थिती लपवली आहे.’

“द्राक्षं गेली त्ये जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “बाग हाय, फुडल्या साली पुन्ना येतील. पन ह्ये माज्या घरात कायम ऱ्हानार. ह्याचं काय करताय?”

मी तांबडं पेन काढलं. माफी मागायची ती शब्दांत मागायला जमलं नाही, म्हणून मी ते पेन त्या शेऱ्यावर जोराने घासायला लागलो. एक अक्षर दिसू नये, एवढं काळं करून टाकावं असं वाटत होतं. दोन अक्षरं घासून झाली असतील. सुमनताईंनी वहीवर हात ठेवला.

“तसं नाय साहेब,” त्या म्हणाल्या. “एकच रेघ. खालचं वाचता आलं पायजे.”

ओसरीवर कोणी हसलं नाही. मी पेन उचललं, शेऱ्यावर एकच सरळ रेघ मारली, बाजूला लिहिलं, ‘चूक माझी. नोंदी खऱ्या.’ सही केली, तारीख घातली. सुमनताईंनी ते वाचलं, शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली, आणि मग मला चहा आणून दिला.

निवृत्तीच्या वर्षी शेवटची तपासणी मी मुद्दाम डिंगोऱ्याची घेतली. ती वही त्यांनी जपून ठेवली होती. मी ते पान काढून पाहिलं. पहिली दोन अक्षरं घासलेली आहेत, बाकी सगळं रेघेखाली स्वच्छ दिसतं. अजून वाचता येतं.